जोतीरावांनी मागितलेली माती

आमच्या मुरुमच्या बाजूला कुणाच्या अंत्यविधीला जायचे असले की माणूस मातीला जाऊन येतो म्हणून सांगतो. गेलेला मराठा असो, लिंगायत असो की मुसलमान असो, शब्द एकच. समोर चिता रचलेली असली तरी बोलणारा मातीलाच गेलेला असतो. कर्नाटकाची हद्द हाकेच्या अंतरावर, एका अंगाला बसवकल्याण आणि दुसऱ्या अंगाला आळंद. त्यामुळे लिंगायतांची वस्ती इकडे भरपूर, आणि त्यांच्यात दहन नाही. गेलेल्या माणसाला आंघोळ घालून, विभूती लावून, हाती इष्टलिंग देऊन, बसल्या स्थितीतच जमिनीत ठेवतात. लहानपणी आम्हां पोरांना या साऱ्यांत एकाच गोष्टीचे नवल वाटे. किराणा दुकानातून खड्या मिठाचे पोते बैलगाडीत चढले की ते कुणाच्या घरच्या लोणच्यासाठी नाही, हे थोरांना बघता क्षणी कळायचे. दुकानदारही अशा वेळी भाव बोलत नसे. पैसे मागाहून यायचे.

मिठाचे ते पोते आमच्यासाठी इतके नेहमीचे होते, की पुढे कॉलेजात असताना महात्मा फुल्यांच्या मृत्युपत्राविषयी वाचले तेव्हा माझी नजर नेमकी त्याच शब्दावर अडखळली. जोतीरावांनी लिहून ठेवले होते, की आपला देह जाळू नये, मिठात घालून पुरावा. मुलींची शाळा, पाण्याचा हौद, सत्यशोधक समाज हे सगळे आपण शाळेत पाठ केलेले असते. हे मीठ मात्र कुठल्या धड्यात नव्हते. पुण्याच्या एका माळ्याच्या मुलाला, ज्याच्या जातीत जाळणे सर्वमान्य होते, मरणाच्या तीन वर्षे आधी मातीची आणि मिठाची आठवण का व्हावी? त्यांचे सारे आयुष्य या एका कलमाकडून उलटे वाचत गेले, तर बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पेशव्यांच्या काळात पुण्यात फुलांचा धंदा केला म्हणून लोक फुले म्हणू लागले आणि तेच नाव चिकटले. वडील गोविंदराव. आई चिमणाबाई मूल वर्षाचे होते न होते तोच गेली, आणि जोतीला वाढवले सगुणाबाई क्षीरसागर या दूरच्या नात्यातल्या बाईने. म्हणजे रक्ताच्या आईची आठवणसुद्धा नाही आणि जिला आई म्हणावे ती पोटची आई नाही, अशी या माणसाच्या आयुष्याची सुरुवात. नाते रक्ताचे की सांभाळण्याचे, हा प्रश्न त्यांच्या घरात पाळण्यापासूनच होता. तो शेवटच्या दिवसापर्यंत सुटला नाही, आणि मिठाच्या गोष्टीत त्याचे मोठे काम आहे.

शिक्षणाची कथा सर्वांना ठाऊक आहे. वडिलांनी शाळेतून काढून मळ्यात घातलेला मुलगा शेजारच्या गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब यांच्या आग्रहामुळे १८४१ मध्ये पुन्हा स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेला. त्याआधी १८४० मध्ये नायगावच्या नेवसे पाटलांची सावित्री सून होऊन घरात आली होती. १८४८ मध्ये भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली, आणि पुढल्याच वर्षी गोविंदरावांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढले. वडिलांना मुलगा वाईट वाटत होता असे नव्हे. भाऊबंद, भटजी, गल्ली यांचा धाक मोठा होता. उस्मान शेख यांनी या जोडप्याला आसरा दिला. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबाग वाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा सत्कार झाला, तरी घरचे दार बंद ते बंदच.

एक गोष्ट आपण विसरतो. जोतीराव पोटापाण्यासाठी कंत्राटदार होते. धातू ओतण्याच्या मुशी विकण्याची एजन्सी त्यांनी घेतली होती. खडकवासल्याच्या धरणाला दगड पुरवला, कात्रजचा बोगदा आणि येरवड्याचा पूल या कामांत भाग घेतला, शेतीही केली. दगड, चुना, माती, मजूर यांच्यात उभा राहून हिशेब करणारा हा माणूस होता. त्यांच्या लिखाणातली भाषा म्हणूनच पुस्तकी वाटत नाही, ती मुकादमाची वाटते. मृत्युपत्रही त्यांनी मुकादमासारखेच केले. हवेत काही ठेवले नाही. कुणाला काय, कुणी काय करायचे, आणि तसे न झाल्यास पुढे काय, हे सगळे पुरते.

१८६३ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. त्या काळी वरच्या जातींत विधवेला पुनर्विवाह नव्हता, केशवपन होते, आणि घरातल्याच कुणा पुरुषाने फसवून दिवस गेले तर त्या बाईपुढे विहीर किंवा नवजात जिवाचा गळा एवढे दोनच मार्ग उरत. पुण्यात जागोजाग पत्रके लावून जोतीरावांनी कळवले, की अशा बाईने इथे येऊन गुपचूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवावे. बाळंतपणे सावित्रीबाई करत. स्वतःला मूल नसलेल्या बाईने परक्या बायकांची बाळंतपणे करायची, हे म्हणायला सोपे आहे. त्या घरातल्या रात्री कशा गेल्या असतील याची कल्पना आजच्या सासुरवाशिणीला तरी यावी.

१८७४ मध्ये काशीबाई नावाची एक ब्राह्मण विधवा अशीच या घरी आली. तिचा मुलगा फुले दांपत्याने स्वतःचा म्हणून ठेवून घेतला. त्याचे नाव यशवंत. मूल नाही म्हणून दुसरे लग्न करण्याचा सल्ला जोतीरावांना पुष्कळांनी दिला होता. तो त्यांनी झिडकारला, आणि घरात असा मुलगा आणला की ज्याला ब्राह्मण आपला म्हणणार नाहीत आणि माळीही आपला म्हणणार नाहीत. भाऊबंदांच्या पोटात तिथेच दुखू लागले. निपुत्रिक चुलत्याचे घरदार पुतण्यांकडे येते हा गावगाड्याचा साधा हिशेब. मधेच हा कुठून आला?

इथे आपल्या समाजातली एक रीत लक्षात घेतली पाहिजे. प्रेतापुढे टिटवे कोण धरतो हा प्रश्न वरवर धार्मिक दिसतो. खरे पाहता तो सात-बाराचा प्रश्न आहे. टिटवे धरील तो वारस. मुलगा नसला तर पुतण्या पुढे होतो आणि सारा गाव ते बघून ठेवतो. पुढे कोर्टात साक्षी होतात त्या याच्याच. मराठवाड्यात काय आणि पुण्यात काय, किती घरांची भांडणे प्रेत उचलायच्या आधी, अंगणात, कुजबुजत सुरू होतात, हे प्रत्येक वाचकाला आपापल्या नात्यात आठवेल. प्रेत घरात आहे आणि मडक्यावरून ताणाताण चालली आहे, हे दृश्य काही जुन्या काळाचे नाही.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला होता. देव आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको, हा त्याचा पाया. तो पाया प्रत्यक्षात कुठे कसाला लागे? सभेत नव्हे. लग्न, वास्तुशांत आणि मयत या तीन ठिकाणी. १८७३ च्या डिसेंबरात भटजीवाचून पहिले लग्न लागले. मग ओतूरला बाळाजी कुशाजी पाटील यांनी आपल्याकडचे लग्न ब्राह्मणाशिवाय लावले, तेव्हा गावजोशांनी बुडालेल्या दक्षिणेसाठी दावा लावला, आणि तो वाद थेट हायकोर्टापर्यंत गेला. विधी करायचा नाही तरी विधीचे पैसे द्या, अशी ती मागणी होती. जोतीरावांनी यावरून धडा घेतला असावा, की रूढीविरुद्ध काही करायचे तर ते तोंडी ठेवून भागत नाही, कागदावर आणून सही-शिक्क्याचे करावे लागते. १८८७ मध्ये त्यांनी सत्यशोधक रीतीने विधी कसे करावेत याची पुस्तिका काढली, आणि त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात आपले मृत्युपत्र केले.

यशवंत तेव्हा तेरा वर्षांचा होता. मृत्युपत्रात जोतीरावांनी त्याला वारस केले आणि सावित्रीबाईंच्या हाती त्याचे पालन सोपवले. पण आंधळी माया दाखवली नाही. मुलगा शिकला नाही, वाया गेला, तर सावित्रीबाईंनी माळी, कुणबी, धनगर अशा समाजांतला दुसरा लायक मुलगा बघून मिळकत त्याच्या स्वाधीन करावी, अशी तजवीज करून ठेवली. मुलगा रक्ताचा नव्हता, आणि मुलाची जागाही रक्ताने मिळणार नव्हती. कर्तबगारीने मिळणार होती. भाऊबंदांना त्यात वाव ठेवला नाही. आणि याच कागदात ती इच्छा आहे: देह जाळू नका, मिठात पुरा.

ही दोन कलमे एका कागदात यावीत हा मला योगायोग वाटत नाही. चिता म्हटली की टिटवे आले, अग्नी कुणी द्यायचा हे आले, मंत्र आले, दहावा, पिंड, कावळा आणि प्रत्येक पायरीवर दक्षिणेचा हात आला. जमिनीत ठेवले की यांतले बहुतेक गळून पडते. खड्डा खणायला जात लागत नाही, माती लोटायला वारसा लागत नाही. मूठभर माती मुलगा टाकतो तशी बायकोही टाकू शकते आणि शेजारीही. आपल्यामागे यशवंताला कुणी अंगणात अडवू नये, यासाठी अनुभवी कंत्राटदाराने भांडणाची जागाच नकाशातून काढून टाकली. शिवाय माळ्याच्या पोराला मातीचे भय वाटायचे कारण नाही. शेणखत, पालापाचोळा, मेलेले जनावर, सगळे मातीत जाऊन पुन्हा वर येते हे त्याने मळ्यात पाहिलेलेच असते.

आणि मीठ? त्यात गूढ काही नाही. मीठ शरीरातले पाणी ओढून घेते, त्यामुळे कुजणे मंदावते आणि दुर्गंधी दबते. संन्याशाला समाधी देताना आपल्याकडे मीठ घालण्याची रीत जुनी आहे. संन्याशाचे दहन नसते, कारण त्याने संसाराबरोबर अग्नीही सोडलेला असतो. लिंगायतांत दीक्षा घेतलेला प्रत्येकजणच शिवरूप मानला जातो, म्हणून तिथे ही समाधी जंगमापुरती किंवा स्वामीपुरती राहत नाही, साध्या कुणब्यालाही मिळते. जोतीराव पुरते संसारी होते, कर्मकांडाचे वैरी होते. तरी ज्या रीतीत पुरोहित सर्वांत कमी लागतो ती त्यांनी उचलली. रीत कुणाची यापेक्षा ती किती सरळ आहे, एवढेच त्यांनी पाहिले असणार.

मृत्युपत्राला वर्ष होते न होते तोच दुखणे आले. त्याआधी ११ मे १८८८ रोजी मुंबईत लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली होती. जुलैमध्ये अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवे अंग गेले. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. घरात पैसा उरला नव्हता. धंद्यात मिळवलेले शाळांत आणि समाजात घालून संपले होते. मामा परमानंदांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना कळवळून लिहिले ते याच काळात. उजवा हात चालेना म्हणून जोतीराव डाव्या हाताने लिहू लागले, आणि तशा हाताने त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हे पुस्तक पुरे केले. साठी उलटलेला माणूस, अंग लुळे, आणि पाटी-पेन्सिल धरणाऱ्या पोरासारखा डाव्या हाताने अक्षर गिरवतो आहे. शाळा काढणाऱ्या माणसाने शेवटी स्वतःच पुन्हा शाळेत बसावे तसे ते होते.

यशवंताचे लग्न त्यांनी घाई करून उरकले. कुणीही मुलगी देईना, कारण मुलगा कोणत्या जातीचा हा प्रश्न. शेवटी हडपसरचे ग्यानोबा कृष्णाजी ससाणे पुढे झाले. स्वतः ग्यानोबांचे लग्न १८७४ मध्ये सत्यशोधक पद्धतीने लागलेले. त्यांच्या मुलीशी, राधाशी, ४ फेब्रुवारी १८८९ रोजी यशवंताचा विवाह झाला. तोही अर्थात भटजीवाचून.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी, मध्यरात्र उलटल्यावर दोनच्या सुमारास, जोतीराव गेले. इच्छेप्रमाणे घराच्या मागल्या बाजूला खड्डा खणून तयार होता. मृत्युपत्र हाताशी होते. अडचण आली ती नगरपालिकेकडून. राहत्या वस्तीत प्रेत पुरता येणार नाही, असे सांगण्यात आले.

ही नगरपालिका म्हणजे कोण? १८७६ पासून सहा-सात वर्षे जोतीराव स्वतः तिचे सभासद होते. व्हाइसरॉय लिटन पुण्याला येणार म्हणून शहर सजवायला हजार रुपये खर्च करण्याचा ठराव आला, तेव्हा तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्या म्हणून विरोधात मत देणारे ते एकटे होते. गल्लोगल्ली दारूची दुकाने वाढली म्हणून त्यांनी तक्रार केली. मोठी मंडई बांधण्याच्या खर्चालाही त्यांचा विरोध होता, आणि पुढे त्याच मंडईला त्यांचे नाव लागले, ही पुण्याची गंमत. अशा सभासदाला नगरपालिकेने शेवटी सहा फूट जमीन दिली नाही, असे लिहायचा मोह होतो. तसे लिहिलेले चांगले दिसते, पण ते पुरते न्यायाचे नाही. दाट वस्ती, आड आणि विहिरींचे पाणी, वरचेवर येणारा पटकी, अशा शहरात घराच्या परसात प्रेते पुरू द्यायची नाहीत हा नियम चुकीचा नव्हता. विलायतेतही दाटीच्या शहरांतली दफने त्याआधी तीस-चाळीस वर्षांपासून कायद्याने बंद होत आली होती. नियम सगळ्यांसाठी होता. आपल्याकडे नियम सगळ्यांना सारखा लावण्याचे प्रसंग क्वचित येतात, आणि ते नेमके अशा माणसाच्या वाट्याला येतात, एवढे फार तर म्हणावे.

याच्या बरोबर उलट प्रसंग वीस वर्षांपूर्वी दूरदेशी घडला होता. कोल्हापूरचे तरुण महाराज राजाराम विलायतेचा प्रवास आटोपून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीत फ्लॉरेन्सला वारले. वय अवघे वीस-एकवीस. तिथे सगळा मुलूख दफनाचा, चिता कुणी पाहिलेली नाही. बरोबरच्या माणसांना दहन हवे होते. खटपटीने खास परवानगी मिळाली, आणि आर्नो नदीला मुन्योने मिळते त्या ठिकाणी कोल्हापूरच्या छत्रपतींना अग्नी दिला गेला. आज तिथे त्यांचे छत्रीखालचे स्मारक उभे आहे आणि जवळच्या पुलाला लोक हिंदी माणसाचा पूल म्हणतात. त्यानंतर चारच वर्षांनी इंग्लंडात दहनाचा प्रचार करणारी संस्था निघाली. म्हणजे ज्या काळात युरोपातली शहाणी माणसे पुरणे सोडून जाळण्यासाठी सरकारशी भांडत होती, त्याच काळात पुण्यातला एक शहाणा माणूस जाळणे सोडून पुरण्यासाठी कागद करत होता. दोघांनाही आडवे आले ते आपापल्या गावचे वहिवाटलेले मत आणि आपापली नगरपालिका. त्याहीपूर्वी, १८३२ मध्ये, जेरेमी बेंथम या इंग्रज पंडिताने देह डॉक्टरांच्या शिक्षणासाठी दिला आणि मागे उरलेला सांगाडा कपडे घालून खुर्चीवर बसवायला लावला. तो लंडनच्या कॉलेजात अजून आहे. मेल्यानंतरही माणसाचा हट्टी स्वभाव जात नाही, हे दाखवणारे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

पुण्यात मात्र त्या पहाटे वाद घालायला वेळ नव्हता. खड्डा तसाच राहिला आणि चितेची तयारी करावी लागली. आणि मग तेच झाले, जे टाळण्यासाठी मिठाचे कलम लिहिले होते. टिटवे आले, आणि टिटव्याबरोबर भाऊबंद आले. यशवंत दत्तक, त्याला तो अधिकार नाही, असे म्हणून त्यांनी आडकाठी केली. सोळा वर्षांचा मुलगा बापाच्या प्रेताशेजारी उभा आहे आणि हा बाप तुझा नव्हे असे त्याला ऐकवले जात आहे.

तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या आणि टिटवे त्यांनी स्वतः उचलले. अंत्ययात्रेच्या पुढे त्या चालल्या. बाईमाणसाने मसणवटीत पाऊलसुद्धा टाकायचे नाही असा तो काळ, आणि विधवा तर कोपऱ्यात बसायची. आज हा प्रसंग आपण चित्रांत रंगवतो. मला त्यातले धैर्य कळतेच, पण त्याहून त्यातली समज मोठी वाटते. यशवंताला पुढे रेटून हातघाई करायची नाही, भाऊबंदांनाही ते मडके मिळू द्यायचे नाही, आणि प्रेत ताटकळतही ठेवायचे नाही. तिन्ही गोष्टी एकाच हालचालीत झाल्या. पन्नास वर्षे ज्या माणसाबरोबर संसार केला, त्याच्या कागदातला हेतू त्यांनी कागदावाचून पुरा केला. बायकोच्या अधिकाराला दत्तकपत्र लागत नाही, हे कुणालाच खोडता आले नाही.

नंतर अस्थी घरी आणल्या आणि खणून ठेवलेल्या जागी ठेवल्या. त्याच ठिकाणी समाधी झाली. पुण्याच्या गंज पेठेतल्या फुलेवाड्यात, ज्याला आता समताभूमी म्हणतात, मागल्या अंगणात ती आज बघायला मिळते. देह नाही तर निदान राख तरी, आणि चिता झाली तरी शेवटी मातीच.

जोतीरावांनंतर महाराष्ट्रात मरणाच्या रीती हळूहळू बदलल्या, आणि बदलणाऱ्यांत एकमेकांशी न पटणारी माणसे आहेत. १९४९ मध्ये मुंबई राज्यात शरीरशास्त्राच्या अभ्यासासाठी मृतदेह देण्याचा कायदा झाला आणि त्याच्या आधाराने पुढे देहदान रुजले. १९६६ मध्ये वारलेल्या सावरकरांनी विद्युतदाहिनी मागितली आणि क्रियाकर्म नको म्हणून लिहून ठेवले. विचारांनी जोतीरावांच्या दुसऱ्या टोकाला असलेला माणूस, पण कागद तसाच पक्का. आपल्या मराठवाड्यातल्या कडोळीत जन्मलेले नानाजी देशमुख २०१० मध्ये चित्रकूटला गेले, तेव्हा त्यांचा देह दिल्लीच्या वैद्यकीय संस्थेला गेला. कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी लाकडाऐवजी शेणी रचून दहन होते. एका चितेला तीन-चारशे किलो लाकूड लागते हा हिशेब मांडला, तर शेणी ही काही गरिबीची खूण ठरत नाही. मुंबईच्या पारशांचा प्रश्न निराळाच. जनावरांना टोचण्याच्या एका औषधाने गिधाडे मेली, आणि शतकांची रीत पाखरांवाचून अडली.

पण यांतल्या प्रत्येक ठिकाणी घरच्यांची परीक्षा असते ती त्या एका सकाळची. गेलेल्याने लिहून ठेवलेले असते आणि बाहेरगावाहून आलेले काका म्हणतात, असले आपल्यात चालत नाही. मेडिकल कॉलेजला फोन करायचा तर तो काही तासांत करावा लागतो, आणि तेवढ्या वेळात बांबू आलेले असतात. माझ्या एका नातेवाइकाचे देहदानाचे पत्र तेराव्याच्या दिवशी कपाटात सापडले. पत्र होते, सही होती, घरात ठाऊक फक्त त्यांना स्वतःला होते. तेव्हापासून मी असल्या कागदाबद्दल विचारणाऱ्याला सांगतो, की कागद कपाटात ठेवू नका, जी व्यक्ती टिटवे उचलील तिच्या कानावर घाला.

यशवंत वाया गेला नाही. तो डॉक्टर झाला. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला तेव्हा त्याने हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर रोग्यांसाठी दवाखाना घातला, आणि सावित्रीबाई तिथे राबू लागल्या. मुंढव्याच्या वस्तीत पांडुरंग बाबाजी गायकवाड नावाचा एक मुलगा आजारी पडल्याचे कळले, तेव्हा त्यांनी त्याला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना त्याच संसर्गाने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. प्लेगच्या त्या दिवसांत पुण्यात प्रेताला खांदा द्यायला माणसे मिळत नव्हती आणि टिटव्यावरून भांडायला कुणालाच सवड नव्हती. यशवंत पुढे आठ वर्षांनी, १९०५ मध्ये, प्लेगच्याच कामात गेला.